डोळे मिटून ऐका!



१९९० च्या सुमारास पाश्चात्त्य देशांतील काही संगीतशौकिनांनी एक अजब उद्योग आरंभला होता. कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी घ्यायची आणि हिरव्या शाईच्या पेनाने तिची कडा रंगवायची. असे केले की गाणे अधिक स्वच्छ आणि गोड ऐकू येते, असे ते छातीठोकपणे सांगत. कारणही वरवर शास्त्रीय वाटावे असे होते. तबकडीच्या कडेकडे भरकटणारा लेसरचा प्रकाश म्हणे हिरवी शाई शोषून घेते! या कामासाठी खास पेनेही विकली गेली.

हसण्याची घाई करू नका. ही माणसे अडाणी नव्हती आणि खोटेही बोलत नव्हती. त्यांना फरक 'ऐकू' येत होता. प्रश्न असा की, तो फरक तबकडीत होता की ऐकणाऱ्याच्या मनात? माझे मत असे आहे की, ध्वनियंत्रांच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर डोळे मिटूनच शोधले पाहिजे.

आधी तबकडी कशी वाचली जाते ते पाहू. सोनी आणि हॉलंडमधील फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ही पद्धती ठरवली, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीने जपानमध्ये सीडी वाजवणारे पहिले यंत्र बाजारात आणले. १२ सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीत आतून बाहेर जाणारी एक सर्पिल वाट असते. ती उलगडता आली तर ५ किलोमीटरहून लांब भरेल. वाटेच्या लगतच्या दोन वेढ्यांमधील अंतर अवघे १.६ मायक्रोमीटर. डोक्याचा एक केस त्यावर ठेवला तर त्याच्या जाडीखाली तीस-चाळीस वेढे झाकले जातील.

या वाटेवर अतिसूक्ष्म खळगे असतात. त्यांवर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण पडतो. खळग्याची खोली, प्लॅस्टिकमधून जाताना त्या प्रकाशाची जी तरंगलांबी होते, तिच्या सुमारे एक चतुर्थांश ठेवलेली असते. त्यामुळे खळग्यातून परतणारा प्रकाश शेजारच्या सपाट भागावरून परतणाऱ्या प्रकाशापेक्षा अर्धी तरंगलांबी मागे पडतो. एकाच्या शिखरावर दुसऱ्याची दरी येते आणि दोन्ही एकमेकांना क्षीण करतात. तुम्ही पदार्थविज्ञानात शिकता ते व्यतिकरण हेच. खळगा सुरू होतो किंवा संपतो, तेथे परावर्तित प्रकाश बदलतो. हा बदल म्हणजे १, आणि बदल नाही तेथे ०.

म्हणजे तबकडीवर आवाज नसतोच. असतात केवळ अंक. मूळ ध्वनितरंगाची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते, तीही डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळी. प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवलेली असते. हा आकडा २ चा १६ वा घात आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

तबकडीवर ओरखडा पडला तर? त्याचीही सोय आहे. गुणपत्रिकेतील एका विषयाचे गुण शाई सांडून दिसेनासे झाले, पण खाली बेरीज शाबूत असली, तर वजाबाकी करून ते गुण काढता येतात. सीडीवर असेच जादा अंक असतात, फक्त त्यांचे गणित अधिक चतुर आहे. आयर्विंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन या अमेरिकन गणितज्ञांनी ते १९६० साली मांडले. शिवाय लगतचे अंक तबकडीवर दूर दूर विखुरलेले असतात. त्यामुळे एक ओरखडा अनेक 'गुणपत्रिकां'मधील एकेकच अंक पुसतो. वाटेच्या लांबीत सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचे नुकसान अशा रीतीने पूर्ण भरून काढता येते.

आता हिरव्या शाईकडे परत येऊ. वहीत ७ हा आकडा हिरव्या शाईने लिहिला म्हणून तो गोड होत नाही; तो सातच राहतो. कडा रंगवण्यापूर्वीचे आणि रंगवल्यानंतरचे अंक संगणकात उतरवून ताडून पाहावेत. अंक तेच असतील तर गाणेही तेच. महागड्या 'अंकीय' तारांच्या जाहिरातींनाही हीच कसोटी लावावी. तार सदोष असेल तर आवाज तुटेल, खरखर येईल. पण तबल्याचा ठेका जरा अधिक उबदार होणे हे अंकांच्या तारेचे काम नव्हे.

काहीजण याहून विचार करण्याजोगा आक्षेप घेतात. ते म्हणतात, "दोन मोजण्यांच्या मधला आवाज हरवतो त्याचे काय?" येथे भूमिती आठवा. तीन नैकरेषीय बिंदूंतून एकच वर्तुळ जाते. आकृती वर्तुळ आहे हे ठाऊक असेल, तर त्या तीन बिंदूंच्या मधला कोणताही भाग हरवलेला नसतो. ध्वनीचेही तसेच आहे. त्यातील सर्वांत जलद कंपने सेकंदाला २०,००० असतील, तर ४०,००० हून अधिक मोजण्यांतून जाणारा असा तरंग एकच असतो. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली हे सिद्धतेसह मांडले. आणि माणसाचा कान तरुणपणीही सुमारे २०,००० कंपनांपलीकडे ऐकत नाही. ४४,१०० हा आकडा पुरेसा आहे तो यामुळे.

तरीही आज सेकंदाला १,९२,००० मोजण्यांचे संगीत जादा दराने विकले जाते. त्यातला फरक ऐकू येतो का? येथे वाद घालत बसू नये, प्रयोग करावा. अमेरिकेत ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी तो केला आणि २००७ साली प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या तबकड्यांचा आवाज कधी सरळ, तर कधी सीडीच्या मोजमापात उतरवून ऐकवला. कोणता केव्हा हे श्रोत्यांना कळू दिले नाही. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरे आली २७६. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी जवळजवळ तितकीच आली असती! आवाज फारच वाढवला तेव्हा मात्र शांत जागी सीडीच्या मोजमापाची बारीक सरसर ऐकू आली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. पुढे २०१६ साली जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांतील १२,५०० हून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांना अगदी थोडा, पण निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा फरक आढळला. हा निष्कर्ष मला गैरसोयीचा वाटत नाही. शास्त्र असेच पुढे जाते. 'रात्र आणि दिवस' अशी भाषा जाहिरातीत असते. आकडे मात्र 'किंचित' म्हणतात.

कोणी म्हणेल, "मला जुनी रेकॉर्डच आवडते." जरूर आवडू द्या. सुईची खरखर, ते मोठे सचित्र वेष्टन, यांवर प्रेम करायला पुरावा लागत नाही. पण 'मला आवडते' आणि 'हे अधिक अचूक आहे' ही दोन विधाने वेगळी आहेत. पहिल्याला मान द्यावा, दुसऱ्याला पुरावा मागावा. काही सीडी खरोखरच कर्कश वाटतात. त्याला बहुधा ध्वनिमुद्रण वाजवीपेक्षा मोठे करण्याचा हव्यास कारण असतो, तबकडी नव्हे.

तुमच्या घरी उद्या ध्वनियंत्र घ्यायचे ठरले, तर वडीलधाऱ्यांचे कष्टाचे पैसे कशावर खर्च व्हावेत? माझ्या मते प्रथम चांगल्या स्पीकरवर, आणि मग ते खोलीत नीट मांडण्यावर. तेथील फरक कोणालाही ऐकू येतो. सोनेरी तारा मागाहून.

आणि शाळेत एक प्रयोग करा. एकच गाणे दोन प्रकारे घ्या, एकदा मूळ आणि एकदा खूप दाबून लहान केलेल्या फाइलच्या रूपात. दोन्हींचा आवाज समान ठेवा, कारण जे किंचित मोठे असते तेच कानाला बरे वाटते. एकाने पडद्याआड नाणे उडवून दहा वेळा ते वाजवावे, दुसऱ्याने पाठ करून ओळखावे. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची संभाव्यता ११/१०२४, म्हणजे शंभरात साधारण एक. ती का, हे गणिताच्या तासाला काढून पाहा. मग फाइल कमी-कमी दाबत न्या आणि फरक कोठे नाहीसा होतो ते टिपून ठेवा.

शिक्षकांना विनंती की, हा प्रयोग त्यांनी स्वतःवरही करावा. आपले कानही आपल्याला फसवतात, हे गुरुजींनी वर्गासमोर हसत कबूल केले, तर ते विद्यार्थ्यांच्या कायम लक्षात राहील. करून पाहाल ना?