बंदूक आणा म्हणता, आणायची कशी?

आचारसंहिता लागली की दोन-चार दिवसांत पोलीस पाटलांचा निरोप येतो: बंदूक जमा करा. शेतीसंरक्षण परवानाधारकांच्या हे अंगवळणी पडले आहे. २०२४ची विधानसभा निवडणूक ऐन भातकापणीत आली. कोकणात लोंब्या पिवळ्या पडायला आणि बंदुका ठाण्यात जायला एकच गाठ पडली. सरसकट सर्वांच्या बंदुका गोळा करू नयेत, छाननी समितीने परवानानिहाय विचार करावा, या निवडणूक आयोगाच्या सूचनेचे काय होते यावर आम्ही पूर्वी लिहिले आहे, पुढेही लिहू. या वेळी पत्रांचा ढीग पडला आहे तो मात्र वेगळ्याच प्रश्नावर. जमा करायला हरकत नाही, पण बंदूक घरातून ठाण्यापर्यंत न्यायची कशी?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. एका वाचकाने जुन्या सोलापुरी चादरीत दुनळी गुंडाळली, दुचाकीला आडवी बांधली आणि नाक्यावर अडकला. दुसऱ्याने चामडी पट्ट्याने खांद्याला लावली, कारण एका हातात छत्री होती आणि दुसऱ्यात कागदपत्रांची पिशवी. त्याला विचारणा झाली, "प्रदर्शन करत फिरतोस काय?" तिसरा शहाणा. त्याने खास बंदुकीची शिवलेली गवसणी घेतली, चेन लावली, पाठीवर टाकली. त्याला ऐकावे लागले, "हत्यार लपवून कुठे चाललास?" उघडी नेली तर प्रदर्शन, झाकून नेली तर लपवाछपवी. मधली तिसरी अवस्था कोणती, हे हवालदारसाहेबांनी एकदा कागदावर लिहून द्यावे.

खरे तर ती कागदावर लिहिलेली आहे. शस्त्र नियम, २०१६ यात सार्वजनिक जागी बंदूक नेण्याबद्दल स्पष्ट तरतूद आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर सोडून बाकीचे अग्निशस्त्र ते वाहण्यासाठीच बनवलेल्या आवरणातून न्यावे, ते पूर्ण झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. तीन अटी झाल्या. आता आपली नेहमीची साधने या अटींना लावून पाहा. गोणपाट आणि चादर पहिल्या अटीत नापास. दुचाकीला सुतळीने बांधलेली बंदूक तिसऱ्या अटीत नापास, कारण मागे बांधलेल्या वस्तूवर ताबा सुतळीचा असतो, स्वाराचा नाही. उघडा पट्टा दुसऱ्या अटीत नापास. तिन्ही अटी पुऱ्या करणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे खांद्याला लावायच्या पट्ट्यासह शिवलेली, तोंडापासून दस्त्यापर्यंत झाकणारी गवसणी. म्हणजे तिघांपैकी नियम पाळला तो तिसऱ्यानेच, आणि संशय सर्वांत जास्त त्याच्याच वाट्याला आला. नाक्यापासून हाकेच्या अंतरावर बँकेच्या दारात पहारेकरी दिवसभर उघडी दुनळी खांद्याला लावून उभा असतो. त्याच्याकडे पाहून कोणाची भुवई उंचावत नाही. शेतकऱ्याच्या रिकाम्या एकनळीने मात्र सगळा नाका जागा होतो.

हात मोकळे ठेवून बंदूक वाहण्याचा जगात सर्वांत बारीक विचार कोणी केला असेल, तर तो पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांनी. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला कायद्यात जागाच उरली नाही. भरतपूरला १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडले. त्या काळाची आम्हाला हुरहूर नाही. पण जिथे ही शिकार कायद्याच्या चौकटीत चालते, तिथली वाहण्याची रीत शिकण्यासारखी आहे. अमेरिकेतला बदकांचा शिकारी पहाटेच्या अंधारात रबरी विजार चढवून मांडीभर चिखलातून चालतो. पाठीवर नकली बदकांची पोती, एका हातात आधाराची काठी, दुसऱ्या हातात बॅटरी नाही तर कुत्र्याचा पट्टा. बंदूक धरायला हात उरतच नाही. इंग्लंडच्या भरती-ओहोटीच्या खाजणात फिरणाऱ्याची गतही तीच. त्यांच्या संघटनेचा पाया १९०८ साली घातला गेला, म्हणजे या विषयावर तिथे शंभराहून अधिक वर्षे डोके चालवले गेले आहे.

त्यातून तयार झालेले प्रकार चार. पहिला, दस्त्याला आणि नळीला कड्या असलेला साधा पट्टा. दुसरा, कड्या नसलेल्या बंदुकीसाठी फासाचा पट्टा. एक फास दस्त्यावर, एक नळीवर, भोक पाडायचे कामच नाही. तिसरा, दप्तरासारखा दोन्ही खांद्यांवर बसणारा दुपट्टा. चौथा, पट्ट्याची गवसणी, आतून फोम लावलेली, हातातून सुटून पाण्यात पडली तरी तरंगणारी. ठिकाणावर बसल्यावर बरेच जण पट्टा काढून खिशात ठेवतात, कारण नेम फिरवताना लोंबता पट्टा लव्हाळ्यात अडकतो आणि नळी मागे ओढतो. आपल्या राखणीच्या माळ्यावरही हेच करावे.

आता आपल्या रानाचा हिशेब. काजूच्या बागेत आणि बांबूच्या बेटात दुपट्टा नको. नळी डोक्याच्या वर येते आणि फांदीत अडकते. त्याहून वाईट म्हणजे जाळीखालून वाकताना तीच नळी पुढच्या माणसाच्या पाठीवर रोखली जाते. एका खांद्यावर, नळी जमिनीकडे, ही पद्धत काडतुसाच्या बंदुकीला पावसात ठीक. पण बांध उतरताना नळीचे तोंड मातीत रुतले की नाही, हे दर वेळी पाहावे. चिखलाचा बूच बसलेल्या नळीतून बार काढला तर नळी फाटते.

ठासणीच्या बंदुकीचा नियम याच्या उलट. भरलेली ठासणी तोंड खाली करून कधीही टांगू नये. चालताना हिसक्याने बोंदरा आणि छर्रे पुढे सरकतात, दारू आणि माल यांच्यात पोकळी राहते, आणि अशा बाराला नळी फुटण्याचा धोका असतो. तिचे तोंड वरच ठेवावे, तोंडाला टोपण लावावे आणि पट्टा खांद्याला लावण्याआधी केप उतरवावी. दुनळीवाल्यांनीही "कुलूप लावले आहे" या भरवशावर राहू नये. बहुतेक बंदुकांत ते कुलूप फक्त चाप अडवते. घसरून पडताना बसणारा धक्का चापाची परवानगी विचारत नाही. पट्टा खांद्यावर म्हणजे काडतूस बाहेर, हा एकच नियम पाठ करावा.

इथे आपल्याच मंडळींना दोन शब्द सुनावणे भाग आहे. कडी हवी म्हणून नळी गॅरेजमध्ये नेऊन वेल्ड करून घेणारे वाचक आहेत, आणि ते हा पराक्रम पत्रातून अभिमानाने कळवतात. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी नरम डाकाने जोडलेल्या असतात. त्या आचेने डाक सुटतो, नळ्या वेगळ्या होऊ लागतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. शिवाय बंदुकीची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिरानेच करायची असते. गॅरेजवाल्याकडे नेऊन तुम्ही त्यालाही गोत्यात आणता. ज्यांना कारागीर जवळ नाही त्यांनी फासाचा पट्टा वापरावा. गावातला चांभार तो अर्ध्या दिवसात शिवून देतो. नायलॉनची दोरी मात्र लावू नये. ती खांद्यात रुतते, मग माणूस अंगठा घालून ती उचलून धरतो आणि मोकळा झालेला हात पुन्हा गुंततो.

दुसरी खोड भरलेली बंदूक पाणंदीने नेण्याची. शेत आपले, पाणंद सर्वांची. घरून शेतापर्यंत रिकामी, गवसणीत. शेतात शिरल्यावर पट्ट्यावर. माळ्यावर बसल्यावर हातात. एवढा क्रम पाळला तर नाक्यावर मान वर करून बोलता येते. आणि पुन्हा एकदा सांगतो, शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. हा घोटाळा करणाऱ्यांची वकिली आम्ही करणार नाही.

जिल्हा प्रशासनाकडे आमचे मागणे लहान आहे. जमा करण्याच्या आदेशात वेळ असते, तारीख असते, न पाळल्यास कारवाईची धमकी असते. त्यात एक वाक्य वाढवा: "परवानाधारकाने शस्त्र रिकामे करून, बंद गवसणीत, परवान्यासह आणावे, असे आणणाऱ्यास वाटेत अडवून ठेवू नये." हाच मजकूर प्रत्येक नाक्यावर पाठवा. खर्च शून्य. परवानाधारकाला ठाण्यात बोलावणारा साहेब आणि वाटेत त्याला अडवणारा साहेब एकाच खात्याचे आहेत, एवढी आठवण त्या खात्याला झाली तरी निम्मे काम होईल. जमा केलेली बंदूक निकालानंतर परत घेऊन जातानाही हाच प्रश्न येतो, हेही लक्षात असू द्यावे.

परवानाधारक बंधू-भगिनींनो, पुढच्या आदेशाची वाट पाहू नका. या महिन्यात तीन कामे करा. आपल्या बंदुकीच्या मापाची, पट्टा असलेली गवसणी शिवून घ्या. परवान्याची आणि शस्त्र नियमांतील त्या पानाची प्रत तिच्या खिशात कायम ठेवा. बंदूक जमा करताना लेखी पावती घ्या आणि तिच्यावर दस्ता, नळी, पट्टा, गवसणी यांची स्थिती लिहून घ्या. पावती न देणाऱ्या ठाण्यातून पावतीशिवाय उठू नका. नाक्यावर अडवले तर हुज्जत घालू नका. तारीख, वेळ, ठिकाण आणि आदेशाची प्रत आमच्याकडे पाठवा. अशी प्रकरणे एकत्र करून आम्ही प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन देणार आहोत. तोंडी तक्रारींचा आम्हाला उपयोग नाही. लेखी पाठवा, सहीनिशी पाठवा.