विश्लेषण : वर्गात गप्प बसणारे मूल 'बुजरे'च असते का?

राजमाचीच्या पायथ्याचे कोंडाणे लेण्यांसाठी ओळखले जाते. याच कर्जत-खालापूर पट्ट्यात ठाकूर आणि कातकरी समाजाच्या अनेक वाड्या आहेत. तिथले मूल वर्गात गप्प राहिले, की 'बुजरे आहे' म्हणून विषय संपवणे सोपे असते. पण खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मुले गप्प का होतात?
घरी ठाकरी किंवा कातकरी बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. बोलीतला शब्द तोंडून निघाला आणि वर्ग हसला, की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. परतलेल्या मुलाचे धडेही बुडालेले असतात आणि सोबतीही तुटलेली असते.

कायदा काय सांगतो?
शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ नुसार शिक्षण शक्यतो मातृभाषेत आणि भीतीमुक्त हवे. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते.

शिक्षक काय करू शकतात?
सर्वांसमोर उभे करण्याआधी मुलाला शेजाऱ्याशी बोलू द्यावे. बोलीतले उत्तर स्वीकारावे. उत्तरासाठी थोडे थांबावे. घरी मोकळे बोलणारे मूल शाळेची भाषा समजूनही महिनाभराहून अधिक काळ शाळेत बोलतच नसेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

गप्प मूल कोणाला त्रास देत नाही, म्हणूनच ते नजरेतून सुटते. हजेरीपटावर 'हजर' असलेले हे मूल वर्गात खरोखर हजर आहे का, हे शाळेने पाहायला हवे.