मानेचा मामला

‘सीटी नॉर्मल आहे.’ हे वाक्य कानावर पडलं की आपण सगळे एकदम रिलॅक्स होतो. मीही झाले होते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची रात्र, दीडचा सुमार, घोडबंदर रोड. माझा मावसभाऊ मित्राच्या गाडीत पुढे डावीकडे बसलेला, बेल्ट लावून. समोरच्या ट्रेलरने करकचून ब्रेक मारला आणि यांची गाडी मागून धडकली. दोघंही स्वतःच्या पायांनी बाहेर आले. मावशी डोंबिवलीत, मी ठाण्यात, म्हणून पहिला फोन मला. जवळच्या इस्पितळात डोक्याचा सीटी झाला, नॉर्मल. गळ्यावर डाव्या बाजूला बेल्टचा जांभळा वळ होता, थोडी सूजही होती. पेनकिलर लिहून दिली, पहाटे घरी. मास कॉमला आमच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती, प्रश्न विचारा. त्या रात्री मी एकच प्रश्न विचारला: कार्ड चालेल का?

रविवारी दुपारी डोंबिवलीला गेले, तर मावशी दारातच म्हणाली, ‘‘अगं, ह्याचा डावा डोळा बघ. बारीक नाही वाटत?’’

‘‘झोप झाली नाहीये गं आई,’’ हा सोफ्यावरून.

‘‘तू मला नको शिकवूस. सव्वीस वर्षं हेच तोंड बघतेय.’’

मी मोबाइलचा टॉर्च धरला. डावी पापणी किंचित उतरलेली आणि डाव्या डोळ्यातली बाहुली उजवीपेक्षा लहान. गूगल करायची हिंमत झाली नाही. कॅब केली. कटाई नाक्याच्या जॅममध्ये (तो तर आपला रविवारचाही धर्म!) त्याच्या उजव्या हातातून मोबाइल दोनदा निसटला. दहा मिनिटांत हात पुन्हा ठीक. आम्ही तिघंही गप्प.

ठाण्यातल्या दुसऱ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने आधी डोळे पाहिले, मग गळ्यावरचा वळ, आणि थेट मानेची सीटी अँजिओग्राफी सांगितली. डाव्या कॅरॉटिड धमनीचं आतलं अस्तर फाटलं होतं.

आता जरा शास्त्र, कारण ते मला माझ्या वयाच्या निम्म्या लोकांना सांगावंसं वाटतंय. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या चार. पुढून दोन कॅरॉटिड, मागून मणक्यांतल्या भोकांमधून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. मान झटक्यात ताणली, पिळवटली किंवा दाबली गेली की बाहेर कातडी शाबूत राहते आणि आत धमनीचं अस्तर चिरतं. शरीर त्या चिरेवर गुठळी बांधायला घेतं. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला की स्ट्रोक. गंमत म्हणा किंवा क्रूरपणा, हे लगेच होतंच असं नाही. बऱ्याचदा मधे काही तास, कधी काही दिवस जातात. तोच आपला चान्स! डोळ्याकडे जाणाऱ्या काही नसा कॅरॉटिडला चिकटून वर जातात, म्हणून पापणी आधी बोलली.

डोक्याच्या साध्या सीटीत मानेच्या धमन्या दिसत नाहीत. शिरेतून डाय सोडून अँजिओ केली तर दिसतात, आणि स्कॅनला काही मिनिटंच लागतात. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या सर्जन मंडळींनी १९९०च्या दशकात लक्षणं नसलेल्या पेशंट्समध्येही ही इजा शोधायला सुरुवात केली, आणि जी ‘अतिदुर्मीळ’ समजली जायची ती मोठा मार लागलेल्या शंभरात एखाद-दोघांत तरी निघू लागली. १९९९मध्ये त्यांनी तिच्या पाच ग्रेड ठरवल्या. आज मानेचे वरचे तीन मणके, कवटीचा तळ किंवा चेहऱ्याचा मधला भाग मोडला असेल, गळ्यावर सुजलेला वळ असेल किंवा हातापायांची लक्षणं डोक्याच्या सीटीशी जुळत नसतील, तर डॉक्टर ही तपासणी करतात.

आणि उपाय? बहुतेकांना हेपरिन, नाहीतर चक्क अ‍ॅस्पिरिन. गुठळी वाढू द्यायची नाही, एवढाच फंडा. पण हे घरच्या घरी अजिबात नाही हं. मेंदूत, लिव्हरमध्ये किंवा प्लीहेत रक्तस्राव असेल तर हीच गोळी उलटू शकते, म्हणून ती कधी सुरू करायची हे डॉक्टरच ठरवतात.

गोपीनाथ मुंडे आठवतात? ३ जून २०१४, दिल्ली. मागच्या सीटवर, बेल्टशिवाय. वरून जखम जवळपास नाहीच, पण पोस्टमॉर्टेममध्ये मानेच्या वरच्या मणक्यांची आणि लिव्हरची इजा निघाली. तो स्ट्रोक नव्हता, मार कितीतरी भयंकर होता. पण बाहेरून ठीक दिसणारी मान आतून काय असू शकते, हे अख्ख्या महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं. तरी आपण वळाला बर्फ लावून सोमवारी ऑफिस गाठतो.

स्कूटरवाल्या मुलींनो, तुमची ओढणी चाकात गेली तरी गळ्याला असाच हिसका बसतो. नर्तकी इझाडोरा डंकन १९२७मध्ये नीसला गाडीच्या चाकात स्कार्फ अडकूनच गेली. गाठ मारून आत खोचा, फोटो नंतर काढा.

आमचा हीरो वाचला. दहाव्या दिवशी पुन्हा अँजिओ, मग काही महिने गोळी, जिम बंद, मान कडाकडा मोडणारा सलूनवाला तर कायमचा बंद. डिस्चार्जच्या वेळी त्याने डॉक्टरांना विचारलं, ‘‘बेल्टनेच झालं ना? मग लावू की नको?’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘बेल्ट नसता तर काचेतून बाहेर गेला असतास. फक्त तो गळ्यावरून नाही, खांद्याच्या मधून जाऊ दे. बाजूला उंचीचं बटण असतं, बघितलंयस कधी?’’

त्याने नव्हतं बघितलं. मीही नव्हतं. परतताना कॅबमध्ये बसल्यावर मावशीने आधी ते शोधलं, मग ड्रायव्हरला गाडी सुरू करू दिली.