गुलमंडीचा अभ्यास लिंकवरून होत नाही

हल्ली संशोधक विद्यार्थ्याचा निरोप असा येतो : ‘कृपया हा फॉर्म भरा, दोनच मिनिटं लागतील, आणि आपल्या ग्रुपवरही पाठवा.’ लिंक मैत्रिणीकडून मावशीकडे जाते, मावशीकडून भिशीच्या ग्रुपवर. पाहता पाहता काहीशे उत्तरं जमतात, त्यांचे तक्ते होतात आणि प्रबंधावर शीर्षक चढतं, ‘समाजमाध्यमांचा नागरिकांवरील परिणाम’. यातले नागरिक म्हणजे ज्यांच्यापर्यंत लिंक पोचली आणि ज्यांना ती उघडावीशी वाटली, तेवढेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं होतं. त्यानंतर वापर वाढला, हे दिसतंच आहे. तरी आपल्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात रस्त्याकडेला पिना-कंगवे विकणारी बाई त्या फॉर्ममध्ये येत नाही. घरात फोन एकच असेल तर तो संध्याकाळी मुलाच्या हातात जातो. व्हिडिओ तो लावतो, घर ऐकतं. इथे ‘वापरकर्ता’ कोणाला म्हणायचं? फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

महाराष्ट्राला पाहणीची जुनी सवय आहे. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे आणि कुणब्याचं कर्ज त्यात गावात जाऊन नोंदलेलं आहे. पुढे धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी केली. विचारायचं कुणाला हे आधी ठरे, काय विचारायचं ते मागून. फोनच्या जगात ही पहिली पायरीच गळून पडली आहे, आणि तिची उणीव सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सार्वजनिक पोस्ट शब्द टाकून गोळा करणं. आपल्या शहरावर हा प्रयोग करून पाहावा. ‘औरंगाबाद’ शोधलं की बिहारमधला औरंगाबाद जिल्हा आधी येऊन बसतो. ‘संभाजीनगर’ शोधलं की पिंपरी-चिंचवडमधली वस्तीही येते. शिवाय फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने नामांतराला मंजुरी दिल्यापासून शहराचं कोणतं नाव लिहायचं ही एक बाजू झाली आहे. सगळ्यांसाठी तीही नाही : कुणी जुनं नाव हट्टाने लिहितो, कुणी निव्वळ सवयीने, नवं नाव कुणी अभिमानाने, कुणी कार्यालयीन गरजेपोटी. म्हणजे शोधशब्द निवडतानाच संशोधकाने नकळत माणसं निवडलेली असतात, आणि मग त्यांच्यात मतभेद किती याची टक्केवारी काढायची!

त्यात भाषा. एकाच गल्ल्यावर बसलेला माणूस गिऱ्हाइकाशी मराठी, हातगाडीवाल्याशी दखनी आणि घाऊक व्यापाऱ्याशी हिंदी किंवा मारवाडी बोलतो. लिहिताना या सगळ्या भाषा रोमन अक्षरांत मिसळतात. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने मराठी ट्वीटवरून भावना आणि द्वेष ओळखायला यंत्राला शिकवणारे संच तयार केले, हे काम मोलाचं आहे. पण ट्वीट लिहिणारा मराठी माणूस आणि मछली खडकावर व्हॉइस मेसेज पाठवणारा मराठी माणूस यांची भाषा एक नाही. त्या संचावर शिकलेल्या यंत्राच्या निकालावर मी तरी डोळे मिटून विसंबणार नाही.

आता तर हा सार्वजनिक साठाही आटला आहे. ट्विटरने २०२३ च्या सुरुवातीला पोस्ट गोळा करू देणारा फुकट एपीआय बंद केला, मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये तशाच कामाचं क्राउडटँगल. आपल्यासाठी हे नुकसान वाटतं तेवढं मोठं नाही, कारण गुलमंडीचं बोलणं तिथे नव्हतंच. ते व्हॉट्सॲपवर आहे : व्यापाऱ्यांचा ग्रुप, वॉर्डाचा ग्रुप, गणेश मंडळाचा, समाजाचा, आणि या सगळ्यांहून बोलका असा स्टेटस.

तिथे पोचण्याची निकड आपल्या जिल्ह्याइतकी क्वचित कुणाला असेल. ८ जून २०१८ ला वैजापूर तालुक्यातल्या चांडगावात चोर समजून जमावाने मारहाण केली, दोघांचा जीव गेला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मारले गेले. फोनवरून फिरणाऱ्या अफवांनी ते दिवस पेटले होते. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. शकुंतला बनाजी आणि राम भट या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत लोकांशी बसून, गटचर्चा घेऊन २०१९ मध्ये अहवाल दिला. खोटा मजकूर पुढे ढकलणारे अडाणी असतात, त्यांना फोन वापरायला शिकवलं की झालं, ही समजूत त्याने खोडून काढली. फोन सफाईने हाताळणारेही तो मजकूर पाठवत होते. तो ज्यांच्याविरुद्ध होता त्यांच्याबद्दलचा आकस आधीच मनात होता. हे उत्तर कुठल्याही लिंकवर भरून आलं नसतं. समोर बसलेल्या माणसाने विश्वास टाकला, म्हणून ते मिळालं.

एक नवी वाटही खुली झाली आहे : माणसाने आपल्या फोनमधला ग्रुपचा मजकूर स्वेच्छेने संशोधकाला द्यायचा. किरण गरिमेल्ला आणि सहकाऱ्यांनी भारतात हे केलं आहे. मला ही पद्धत पटते, पण तिच्यातला पेच गंभीर आहे. देणारा एक, आणि ग्रुपात दोनशे. उरलेल्यांना कुणी विचारलं? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे. मात्र कायद्याने चालतं म्हणून शेजाऱ्याचं बोलणं उचलायचं नसतं. घरगुती ग्रुप वगळावेत, नंबर आणि चेहरे साठवण्याआधीच पुसावेत. दंगल पाहिलेल्या शहरात नावासकट मजकूर फुटला, तर भोगायचं आहे ते देणाऱ्याला.

आपल्या विद्यापीठात समाजशास्त्र, पत्रकारिता आणि संगणकशास्त्र एकाच परिसरात आहेत. तिघांनी मिळून एक वर्ष पैठण गेट ते शहागंज एवढाच पट्टा घ्यावा. तीस-चाळीस माणसं पुरेत, पण ती विचारपूर्वक निवडलेली : साडीच्या दुकानाचा मालक आणि त्याचा नोकर, हातगाडीवाला, रंगारगल्लीतली गृहिणी, राजाबाजारच्या मंडळाचा कार्यकर्ता, शहागंजचा अत्तरवाला. संशोधकांत एक बाई हवी, दखनी सहज बोलणारा एक हवा. रमजानची खरेदी, गणपती, दिवाळी आणि एखादी निवडणूक त्या वर्षात यावी. दर पंधरवड्याला माणसाने स्वतः स्क्रीन मागे सरकवत सांगावं, हे का पाठवलं, हे का पुसलं, हे वाचून गप्प का बसलो. न पाठवलेल्या मजकुराची नोंद कुठल्याच सर्व्हरवर नसते. मे २०१८ च्या दंगलीत शहराचं इंटरनेट बंद होतं. दुरून पाहणाऱ्या संगणकाला ते दिवस कोरे दिसतील. शहागंज-राजाबाजारात त्या दिवसांत बातमी कोणाच्या तोंडून फिरली, हे तिथे राहणाऱ्यालाच विचारावं लागेल.

आणि प्रबंध छापण्याआधी त्याचे निष्कर्ष मराठीत आणि उर्दूत, गुलमंडीतच एखाद्या रविवारी, ज्यांनी मजकूर दिला त्यांच्यासमोर वाचले जावेत. तोवर ज्याला आपला मजकूर परत घ्यायचा असेल त्याने तो घ्यावा. त्याला कारण विचारू नये.