ना फळ, ना सावली



शाळेत शिकवत होते तेव्हा ‘झाडांचे उपयोग लिहा’ या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असायचं: फळं, फुलं, सावली, लाकूड, प्राणवायू. या यादीवर गुण द्यायचे तर आपल्या खाडीतलं तिवर जेमतेम पास झालं असतं. त्याचं फळ ताटात येत नाही, आणि बुंध्याशी चिखल असल्यामुळे सावलीतही कोणी टेकत नाही. यंदाचं सदर त्याच्यासाठीच.

इथे अबू धाबीत जुबैल बेटावरच्या लाकडी वाटेवरून चालताना दोन्ही बाजूंना दिसतं ते तिवरच. अरबीत त्याला ‘कुर्म’ म्हणतात. मुलांना पान निरखून बघायला सांगा. त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात, कारण खाऱ्या पाण्यातलं जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळं पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात. या मुळांच्या दाटीत कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्लं सुरक्षित वाढतात. लाटांचा जोर तिथेच मोडतो, गाळ धरून राहतो. गळलेली पानं त्या चिखलात फार सावकाश कुजतात, त्यामुळे त्यांतला कार्बन दीर्घकाळ जमिनीतच राहतो.

हे ओळखूनच अमिरातीने २०३० पर्यंत दहा कोटी तिवरं लावण्याचा संकल्प २०२१ मध्ये जाहीर केला. वाळवंटातला देश एकेक रोप चिखलात रोवतो आहे.

आणि आपल्याकडे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीकाठच्या तिवरांवर भराव पडून पाण्याची वाट अडली होती, हे तेव्हा अनेक तज्ज्ञांनी सांगितलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीला मनाई केली. २०१८ च्या निकालात तर ही तोड नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला असल्याचं म्हटलं. तरी रस्ते-पुलांसाठी तिवरं तोडण्याचे प्रस्ताव येतच असतात. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील त्याच किनाऱ्यावर राहतात. भरतीच्या दिवशी धो-धो पाऊस लागला की आपण इथून फोन लावत बसतो.

सुट्टीत मुंबईला जाल तेव्हा मॉलमधला एक दिवस कमी करा आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात मुलांना न्या. इथलं कुर्म आणि तिथलं तिवर एकच, हे त्यांना पान हातात घेऊन ओळखू द्या. आजी-आजोबांचं घर कोण राखतं, ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

शुभ दीपावली!