गाडी घ्यायची, पण कोणाच्या हिशेबाने?

उसाचे पहिले बिल खात्यावर पडले की आमच्या भागात दोन गोष्टी हटकून होतात. एक तर लग्नाच्या तारखा निघतात आणि दुसरे म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या दारात नवी गाडी येऊन उभी राहते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हार, आळीभर पेढे. त्यात वाईट काहीच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर एसटीच्या टपावर भाजीच्या पाट्या चढवल्या, त्याने म्हातारपणी स्वतःच्या गाडीत बसू नये असे कोण म्हणेल? पण गेल्या काही वर्षांत दारात आलेली गाडी दोन-तीन हंगामांत पुन्हा दारातून गेल्याचेही पाहतो आहे. ओढून नेणारे लोक येतात तेव्हा पेढे वाटले जात नाहीत, एवढाच फरक.

यंदा गाडीचा विषय आमच्या अण्णांच्या घरी निघाला. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलत भाऊ. चार एकर ऊस, दीड एकर डाळिंब, दोन म्हशी. चुलतीचे गुडघे गेलेले, त्यात रक्तदाबाचा त्रास, म्हणून महिन्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात न्यावे लागते. साठ किलोमीटर जायला आणि साठ यायला. दर वेळी कुणाची तरी जीप सांगायची, त्याची वाट बघायची. गाडी हवीच, असे सगळ्यांचे मत पडले. निमित्तही चांगले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी अठ्ठावीस टक्के आणि वर एक टक्का उपकर होता, तो सरसकट अठरा टक्के झाला. त्याच दिवशी ट्रॅक्टरवरचा बारावरून पाच टक्के झाला, हे जाता जाता सांगून ठेवतो, कारण त्याची चर्चा पारावर गाडीच्या मानाने कमीच झाली.

मग अण्णा मला घेऊन शोरूमला गेले. तिथे काय होते ते बहुतेकांना ठाऊक आहे. गार हवा, चहा, आणि गळ्यात पट्टा घातलेला गोड बोलणारा मुलगा. त्याने अण्णांना "काका, बेस काय घेता, टॉप मॉडेल बघा" म्हणून थेट वरच्या गाडीत बसवले. समोर मोठा पडदा, मागचा कॅमेरा, बटणावर चालू होणारे इंजिन, गाण्याचे चार स्पीकर. अण्णांचा धाकटा मुलगा तर पडद्याला बोट लावूनच बसला. एकाच गाडीच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या मॉडेलात आज दीड-दोन लाखांचा फरक असतो. दीड लाखात एक बऱ्यापैकी म्हैस येते आणि वर कडबा कुट्टीचे यंत्र येते. हा हिशेब शोरूममध्ये कुणी मांडत नाही, आणि मांडावा अशी अपेक्षाही नाही. त्यांचा धंदा आहे. हिशेब आपण मांडायचा.

गाडीत काय पाहायचे, यावर माझे मत सरळ आहे. शहरातल्या माणसाची यादी वेगळी, आपली वेगळी. अण्णांच्या वस्तीवर जायला डांबरी सडकेपासून अर्धा कोस पाणंद आहे. उसाच्या गाड्या जाऊन जाऊन तिथे दोन चाकोऱ्या पडल्यात आणि मध्ये उंचवटा. अशा वाटेवर गाडीच्या पोटाखाली जागा किती, हा पहिला प्रश्न. छोट्या गाड्यांत हे अंतर साधारण एकशे पासष्ट ते एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर असते. क्विडचे १८४, एस-प्रेसोचे १८०, टियागोचे १७०. कागदावर दहा-पंधरा मिलिमीटर म्हणजे बोटाएवढे, पण पाच माणसे आणि दोन पोती घेऊन गाडी खाली बसली की त्या बोटाचीच किंमत कळते. चाकाचेही तसेच. तेरा इंचाच्या चाकापेक्षा चौदा इंचाचे चाक खड्ड्यात कमी आपटते.

दुसरी गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते. आम्ही चुलतीला सोबत नेले होते. बुटक्या गाडीत बसताना तिला गुडघे दुमडून खाली जावे लागले, आणि उतरताना दोघांनी हाताला धरून ओढले. वॅगन आर सारख्या उंच अंगाच्या गाडीत ती खुर्चीवर बसावी तशी बसली आणि पदर सावरून स्वतःच उतरली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, गाडी ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांनाच बसता येईना, तर तो पडदा काय चाटायचाय?" मला वाटते, त्या दिवशीचे सगळ्यात शहाणे वाक्य तेच. गाडी पाहायला जाताना घरातले सगळ्यात म्हातारे माणूस सोबत न्यावे.

आता सुरक्षिततेचे. इथे मात्र काटकसर नको, असे माझे ठाम मत आहे. एकेकाळी आठशेची मारुती होती. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली, तीस वर्षे चालली, २०१४ मध्ये बंद झाली. तिच्यात एअरबॅग हा शब्दही नव्हता. आता काळ बदललाय. २०१९ पासून एबीएस ब्रेक आणि चालकाची एअरबॅग कायद्याने आली, पुढे बाजूच्या सीटलाही आली, आणि २०२५ मध्ये अल्टो के-टेन, सेलेरिओ, वॅगन आर यांच्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग देऊ केल्या. म्हणजे त्यासाठी टॉप मॉडेल घ्यायची गरज उरली नाही. पण निव्वळ एअरबॅग मोजून भागत नाही. गाडीचा सांगाडाही पाहावा लागतो. ग्लोबल एनकॅप या संस्थेने गाड्या आदळून जी परीक्षा घेतली, त्यात २०२० मध्ये टियागोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. २०२३ मध्ये अल्टो के-टेनला दोन आणि वॅगन आरला एक मिळाला. या दोन्ही गाड्यांत तेव्हा दोनच एअरबॅग होत्या, हेही लक्षात घ्यावे. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप परीक्षाही सुरू आहे. हव्या त्या गाडीचा निकाल विचारावा, आणि विक्रेत्याने इकडचे तिकडचे सांगितले तर पुन्हा विचारावा.

म्हणजे पेच बघा. चुलतीला बसायला सोयीची गाडी एक, आणि ताऱ्यांत वरची दुसरी. याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढे मात्र सांगतो की आठ जण कोंबून, मागच्यांचा पट्टा सीटखाली खोचून देवदर्शनाला निघणार असाल, तर पाच तारे असले तरी उपयोग नाही. पट्टा लावलेला नसेल तर फुगणारी एअरबॅगच अंगावर आदळते.

अण्णांचा सगळ्यात मोठा ओढा सीएनजीकडे होता. "आरं, सगळी तेच घ्यायला लागल्यात, निम्म्यात काम हुतंय." निम्म्यात होत नाही. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९२ रुपये किलो धरा. पेट्रोलवर गाडी लिटरला वीस किलोमीटर जाते, गॅसवर किलोला अठ्ठावीस जाते असे धरा. दवाखाना, तालुक्याचा बाजार, लग्नेकार्ये मिळून अण्णांचे वर्षाचे फिरणे सहा हजार किलोमीटर. पेट्रोलला साडेएकतीस हजार लागतात, गॅसला पावणेवीस हजार. वर्षाला वाचले पावणेबारा हजार. सीएनजीच्या गाडीला वर नव्वद हजार मोजायचे. ते फिटायला साडेसात वर्षे! नोंदणीचा कर आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के आणि सीएनजीला आठ टक्के आहे, त्याने थोडा दिलासा मिळतो, पण थोडाच. त्यात डिकीत टाकी बसते. टियागोत दोन लहान टाक्या खाली दाबून बसवल्याने थोडी जागा उरते, पण एक टाकी असली तर डाळिंबाचे दोन क्रेट ठेवायचे झाले तरी मांडीवर घ्यावे लागतील. आणि गॅसचा पंप आमच्याकडून बावीस किलोमीटरवर.

तेच आमच्या तलाठी भाऊसाहेबांचे गणित उलटे. तीन गावांचा कारभार, रोजचे साठ किलोमीटर, वर्षाचे अठरा हजार. त्यांचे पस्तीस हजार वाचतात आणि वरचे पैसे अडीच वर्षांत वसूल होतात. त्यांनी सीएनजी घ्यावी, अण्णांनी घेऊ नये. शेजाऱ्याची गाडी बघून गाडी घ्यायची नसते, ती अशी.

इंधनावरून आठवले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, आणि ते आपल्याच उसाचे, मक्याचे, धान्याचे. कारखान्याला त्याचे पैसे मिळतात म्हणून आपण खूश, पण लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, तेव्हा मायलेज किंचित उतरते. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्या या मिश्रणाला जुळवलेल्या आहेत. जुनी गाडी घेणाराने तिची तयार झाल्याची तारीख म्हणूनच पाहावी.

जुन्या गाडीला मी नाके मुरडत नाही. तीन-चार वर्षांची, एका हातची, सर्व्हिसिंगचे कागद असलेली गाडी पुष्कळदा नव्यापेक्षा शहाणपणाची ठरते. मात्र जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा पाहतो, तसा आरसीवर बँकेचा बोजा पाहावा. कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसाराच्या वर पैसे देऊ नयेत. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. "करून देतो नंतर" म्हणणाऱ्याचा नंतर येत नाही. २०१९ आणि २०२१ ला कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या लोकांनी पुरात बुडालेल्या गाड्या पाहिल्यात. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, गाळाची खूण तिथे राहते.

राहिला पैसा, आणि खरी मेख इथे आहे. पाच लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता आठ हजार दोनशेच्या आसपास. पाच वर्षांसाठी घेतले तर दहा हजार पाचशे. शोरूममधला मुलगा सात वर्षांचाच कागद पुढे करतो, कारण हप्ता लहान दिसतो. पण व्याज एकाला एक लाख शहाऐंशी हजार आणि दुसऱ्याला एक लाख तीस हजार. भाऊसाहेबांचा पगार एक तारखेला होतो, त्यांना हप्ता महिन्याचा चालतो. अण्णांचा पैसा वर्षातून दोनदा येतो. उसाचे बिल कायद्याने तोडणीनंतर चौदा दिवसांत यायला हवे, ते कधी येते हे तुम्हाला मी सांगायला नको. मधल्या महिन्यांत हप्ता कुठून भरायचा? म्हणून कर्ज मागतानाच सहामाही हप्ता बांधून मिळतो का ते विचारावे.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने. डाऊन पेमेंटसाठी पीककर्ज उचलू नका. अण्णांना तसा सल्ला देणारे दोघे भेटले. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याज शून्य. तेच पैसे गाडीत अडकले आणि मार्चअखेर फेड चुकली, तर सवलत गेली आणि पुढच्या लागणीला बेणे-खताला सोसायटीच्या दारात उभे राहायची पंचाईत.

निव्वळ रुपयांचा हिशेब केला तर सहा हजार किलोमीटरसाठी भाड्याची गाडीच स्वस्त पडते. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, इंधन मिळून स्वतःची गाडी वर्षाला पावणेदोन लाखांच्या घरात जाते, भाड्याने लाखभरात भागेल. हे मी अण्णांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "गेल्या श्रावणात रात्री दोनला आईला धाप लागली. चार जणांना फोन लावलं. जीप आली पाच वाजता. ते तीन तास तू कुठल्या खात्यात धरणार?" यावर मला बोलता आले नाही, आजही येत नाही. मात्र ती दारात असावी म्हणून भाडी मारायचा बेत त्यांच्या मुलाने काढला, तो मी मोडून काढला. पांढऱ्या पाटीवर भाडे घेतले आणि काही घडले, तर विमा कंपनी हात वर करते.

शेवटी अण्णांनी उंच अंगाची पेट्रोल गाडी पसंत केली. मधले मॉडेल, सहा एअरबॅगवाले. विमा शोरूममधून न घेता बाहेरून दोन ठिकाणी दर काढून घेतला, त्यात काही हजार वाचले. सीट कव्हर, आरसे, चकचकीत पट्ट्या यांचा अठरा हजारांचा संच नको म्हटले. कर्ज तीनच लाख, पाच वर्षांचे. निम्मे पैसे उसाचे आणि बाकीचे दोन वर्षांच्या डाळिंबाचे साठवलेले. मुलाला पडदा मिळाला नाही, म्हणून तो दोन दिवस जेवायला उशिरा आला. पुढच्या मंगळवारी चुलतीची तपासणी आहे, आणि पाणंदीतल्या मधल्या उंचवट्यावर अण्णांनी ट्रॅक्टरला फळी लावून मुरूम पसरायला घेतलाय.