पंधराव्या वर्षीचा पराभव

जानेवारी २०२३च्या पहिल्या आठवड्यात पुण्याजवळ बालेवाडीच्या संकुलात टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेतील एक सामना अगदी सरळ निकालाने संपला. अमेरिकेच्या मायकेल ममोहने साताऱ्याच्या मानस धामणेला ६-२, ६-४ असे पराभूत केले. मानसचा जन्म २९ डिसेंबर २००७चा. म्हणजे त्याला पंधरा वर्षे पूर्ण होऊन आठवडाही उलटला नव्हता. आयोजकांनी वाइल्ड कार्ड दिल्यामुळे त्याला मुख्य फेरीत स्थान मिळाले होते. दुसऱ्या सेटमध्ये चार गेम जिंकणाऱ्या या मुलाचे वर्तमानपत्रांनी यथोचित कौतुक केले. मात्र त्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला जागतिक क्रमवारीचा एकही गुण मिळत नाही, ही गोष्ट त्या कौतुकात फारशी कुणाच्या लक्षात आली नसावी.

पंचवटीत हिरावाडीच्या मीनाताई ठाकरे विभागीय क्रीडा संकुलाकडे पहाटे मुलांना सोडायला जाणाऱ्या पालकांच्या मनात अशी बातमी वाचून जो प्रश्न उभा राहतो, तो खेळाचा कमी आणि घराचा अधिक असतो. मूल चांगले खेळते आहे. आता शाळा मागे ठेवायची का? पुण्याला पाठवायचे का? किती वर्षे, आणि कुणाच्या बळावर?

नाशिककरांना विदित गुजराथीचे उदाहरण जवळचे वाटते. नाशिकमध्ये वाढलेला हा मुलगा २०१३ साली बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर झाला, याचा अभिमान रास्तच आहे. पण बुद्धिबळाचा हिशेब टेनिसला लावता येत नाही. बुद्धिबळाचा पुष्कळसा अभ्यास घरच्या टेबलावर, संगणकासमोर होऊ शकतो. टेनिसला पलीकडच्या बाजूला तितकाच किंवा अधिक तयारीचा माणूस रोज हवा असतो, आणि तो आपल्या गावात नसेल तर जिथे असेल तिथे जावे लागते. मानस साताऱ्याहून इटलीतील बोर्डिघेरा येथे रिकार्डो पियाटी यांच्या अकादमीत गेला, तो याच कारणाने. आज जगज्जेता म्हणून ओळखला जाणारा यानिक सिनरही तेराव्या वर्षी घर सोडून याच गावी आला होता. त्याचे वडील डोंगरातल्या एका विश्रामगृहात आचारी आणि आई तिथेच वाढपी होती. मुलगा दूर गेला तरी त्यांनी आपले काम सोडले नाही, हा तपशील आपल्याकडच्या पालकांनी सिनरच्या फोरहँडपेक्षा अधिक बारकाईने वाचावा.

व्यावसायिक टेनिसची पहिली पायरी बालेवाडीच्या रोषणाईत नसते. ती असते ‘एम-१५’ नावाच्या छोट्या स्पर्धांत. पंधरा हजार डॉलर ही तिथल्या संपूर्ण स्पर्धेची बक्षीस रक्कम, आणि ती सर्वांत वाटली जाते. एकेरीत विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर, म्हणजे साधारण तेरा हजार रुपये, आणि त्यातूनही कर वजा होतो. विमानाचे तिकीट, खोलीचे भाडे, जेवण, रॅकेटच्या तारा, सोबत प्रशिक्षक असेल तर त्याचाही खर्च, हे सारे बहुधा खेळाडूच्याच खिशातून जाते. ट्युनिशियातील मोनास्तिर या समुद्रकाठच्या गावी अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडे भरतात. एका तिकिटात तीन-चार स्पर्धा खेळता येतात, म्हणून आपल्याकडचे होतकरू खेळाडू तिथे जाऊन राहतात. गुणांचा हिशेबही तसाच काटेकोर आहे. विजेत्याला पंधरा, उपविजेत्याला आठ, आणि पहिली फेरी जिंकून दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला एक. तो एक गुण मिळवण्यासाठी काही मुलांची अख्खी वर्षे जातात.

घाई केल्यास काय होते, हेही टेनिसने पाहिले आहे. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाटी १९९० साली चौदावे वर्ष पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली. १९९२च्या ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळवले, आणि त्यानंतर अल्पकाळातच खेळ, घर, प्रसिद्धी यांच्या ओझ्याखाली ती मैदानापासून दूर गेली. ती परतली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, हे तिचे धैर्य. पण मधली वर्षे कुणालाही परत देता आली नाहीत. तिच्यासारख्यांच्या अनुभवामुळेच महिला टेनिसमध्ये वयाचे नियम कडक झाले. चौदा वर्षांखालील मुलीला व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाही, आणि पुढची काही वर्षे वर्षाकाठी किती स्पर्धा खेळाव्यात यावर मर्यादा असते. आईवडिलांना मर्यादा घालणे जमले नाही, म्हणून ती संघटनेला घालावी लागली, असेच म्हणावे लागेल.

मर्यादा हा शब्द श्रावकाच्या घरी परका नाही. पाच अणुव्रतांतील शेवटचे व्रत परिग्रहपरिमाणाचे. संपत्ती किती ठेवायची, हे इच्छा वाढण्यापूर्वीच ठरवायचे, हा त्याचा गाभा. सोने, धान्य, घर, जमीन यांची मोजदाद आपण करतो. पण मुलाच्या यशाची इच्छा हाही एक परिग्रहच आहे, आणि त्याचे परिमाण मात्र कुणी करत नाही. एका सामन्यानंतर दुसरा, एका अकादमीनंतर दुसरी, आणि प्रत्येक वेळी ‘एवढे एक वर्ष पाहू’. ज्या घरात आरंभीच ‘इतकी वर्षे, इतका पैसा, आणि धाकट्या भावंडाच्या शिक्षणाला हात लावायचा नाही’ असे ठरलेले असते, तिथे मुलाच्या हरण्याला कर्जाचा वास येत नाही. असे ठरवताना मुलाला समोर बसवावे; तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हिशेब कळतो, आणि न सांगितलेला हिशेब तर त्याला अधिकच कळतो.

आहाराची चिंताही घरोघरी बोलली जाते. शाकाहारावर टेनिस खेळता येते का, हा प्रश्न मार्टिना नवरातिलोव्हा यांच्या कारकिर्दीनंतर खरे तर शिल्लक राहू नये. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या मुलाची अडचण मात्र खरी आहे, कारण सायंकाळी सुरू झालेला सामना सूर्यास्ताची वाट पाहत नाही. त्यावर उत्तर ज्याचे त्याने, घरातील वडीलधाऱ्यांशी आणि गुरुजनांशी बोलून शोधावे. मुलाने एकट्याने परदेशातल्या खोलीत बसून अपराधी मनाने ते शोधू नये, इतकेच.

शाळा की खेळ, हा प्रश्नही वाटतो तितका दोन टोकांचा नाही. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले शाळकरी वयातच भारताच्या फेड कप संघात खेळली. त्यानंतर ती थेट व्यावसायिक दौऱ्यावर न जाता अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकायला आणि त्या विद्यापीठाकडून खेळायला गेली. अशी पाठवणी म्हणजे खेळातून निवृत्तीच, असे मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने आणि रोहन बोपण्णाने मिश्र दुहेरीची अंतिम लढत २-६, ६-३, १०-४ अशी जिंकून सुवर्णपदक मिळवले. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून शिकून आला आणि २०२४ मध्ये अल्माटी येथे ऋत्विक बोल्लीपल्लीच्या साथीने त्याने एटीपी दुहेरीचे विजेतेपद मिळवले. या वाटेवर पदवी हाती राहते, काही विद्यापीठांत शिष्यवृत्तीही मिळते. प्रवेशाचे वय आणि बक्षिसाच्या रकमेविषयीचे नियम मात्र कडक असतात व बदलतात, म्हणून नववी-दहावीतच त्यांची चौकशी करावी. बारावीनंतर केलेली चौकशी बहुधा उशिरा ठरते.

मानसने वेगळी वाट निवडली, आणि ती चुकीची म्हणण्याचे काही कारण नाही. बालेवाडीच्या त्या पराभवानंतर तो मोठ्या रोषणाईतून पुन्हा छोट्या मैदानांवर गेला. २०२५ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने मोनास्तिर येथे आपले पहिले एम-१५ विजेतेपद मिळवले. प्रेक्षक मोजकेच, बक्षीस २,१६० डॉलरचे, गुण पंधरा. अशा विजेत्याची क्रमवारी त्यामुळे थोडी वर सरकते. पुढच्या आठवड्यात नवी स्पर्धा असते, आणि तिथे त्याला पुन्हा पहिल्या फेरीपासूनच खेळावे लागते.